बघा, पण उतरून घेऊ नका

टीकाग्रंथ हा आम्हां मराठी शिकवणाऱ्यांचा जन्माचा सोबती. मूळ ग्रंथ समोर ठेवायचा, ओळीओळीला थांबायचे, कठीण जागा सोडवून दाखवायची आणि पुढे सरकायचे. संगणकाच्या आज्ञावलीवरही कोणी असाच ओळवार टीकाग्रंथ लिहिला आहे, आणि तो लिहिणारा एक अध्यापकच होता, हे प्रथम वाचनात आले तेव्हा त्या अपरिचित गृहस्थाविषयी मला एकदम आपलेपणा वाटला.

त्यांचे नाव जॉन लायन्स. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे न्यू साउथ वेल्स विद्यापीठात ते संगणकशास्त्र शिकवीत. १९७६-७७ च्या सुमारास त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी दोन पुस्तिका तयार केल्या. पहिलीत ‘युनिक्स’ नावाच्या आज्ञावलीच्या गाभ्याच्या सुमारे ९ हजार ओळी जशाच्या तशा छापलेल्या. दुसरीत त्या ओळींवरचे भाष्य. विद्यार्थ्याने एक पुस्तिका डाव्या हाताला ठेवावी, दुसरी उजव्या हाताला, आणि वाचीत जावे.

गंमत अशी की हे पुस्तक उघडपणे कोणालाही विकता येत नव्हते. युनिक्सचा जन्म अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत झाला होता आणि तिचा मजकूर कंपनीच्या मालकीचा होता. ज्या संस्थेने परवाना घेतला असेल तिनेच तो पाहावा, असा करार. मग व्हायचे तेच झाले. एकाने दुसऱ्याला झेरॉक्स दिली, दुसऱ्याने त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढली; अक्षरे पुसट होत गेली, पण वाचणारे वाढत गेले. संगणकाच्या जगात सर्वांत अधिक वेळा झेरॉक्स झालेले पुस्तक, अशी त्याची ख्याती झाली. रीतसर छापून ते सर्वांच्या हाती पडायला १९९६ साल उजाडले. पुढे दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, लायन्स निवर्तले.

त्या ९ हजार ओळींत एवढे काय होते, आणि मालकाने त्या ‘निवडक’ लोकांनाच का दाखवल्या? हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. आपल्या खिशातला फोन, बँकेतले खाते, सोसायटीच्या फाटकावरचा कॅमेरा, या सगळ्यांच्या पोटी असाच कोणाच्या तरी मालकीचा, आपल्याला न दिसणारा मजकूर आहे. तो कोणी वाचावा, हा आता घराघराचा प्रश्न झाला आहे.

मूळ संहिता आणि यंत्राची भाषा

आधी थोडे व्याकरण. संगणकाचे काम लिहिणारा मनुष्य ते माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. अमुक झाले तर तमुक करावे, ही रक्कम त्या रकमेत मिळवावी, असा तो मजकूर असतो. यालाच सोर्स कोड म्हणतात. मी त्याला मूळ संहिता म्हणतो. यंत्राला मात्र ही भाषा कळत नाही. त्याला शून्य आणि एक यांचीच बाराखडी ठाऊक. म्हणून ‘कंपायलर’ नावाची दुसरी एक आज्ञावली मूळ संहितेचे यंत्रभाषेत भाषांतर करते. बाजारात आपल्याला मिळते ते हे भाषांतर. त्यावरून मूळ संहिता पुन्हा उभी करणे म्हणजे घरी आलेली चकली चाखून तिच्या भाजणीतली डाळ न् डाळ वजनासह सांगण्यासारखे आहे. मुरलेल्या जाणकाराला थोडेफार जमते. बाकीच्यांनी खावे आणि गप्प बसावे.

मालकांच्या तीन तऱ्हा असतात. एक म्हणतो, संहिता कोणालाच दाखवणार नाही. दुसरा म्हणतो, ही घ्या, वाचा, बदला, वाटा. आणि तिसरा मधला मार्ग काढतो: काही निवडक मंडळींना बोलावतो, त्यांच्याकडून गुप्ततेच्या कागदावर सही घेतो आणि सांगतो, “बघा, पण उतरून घेऊ नका.” हा लेख या तिसऱ्या मालकाविषयी आहे. दिसायला तो सर्वांत समंजस आहे. त्याचा समंजसपणा कुठवर पुरतो, हेच पाहायचे आहे.

दार उघडले, दार मिटले

एटी अँड टीने युनिक्सची संहिता विद्यापीठांना दिली ती केवळ औदार्याने नव्हे. १९५६ साली अमेरिकन सरकारशी न्यायालयात झालेल्या तडजोडीने त्या कंपनीला टेलिफोन-तारेचा व्यवसाय सोडून इतर धंद्यात शिरण्याची मनाई झाली होती. संगणकाची आज्ञावली विकता येत नाही, तर विद्यापीठांना नाममात्र दराने परवाना द्यावा, असा तो हिशेब होता. पण त्याचा परिणाम विलक्षण झाला. जगभरच्या तरुणांना एका खऱ्याखुऱ्या, कामात असलेल्या आज्ञावलीचा मजकूर वाचायला मिळाला.

त्या संहितेतली एक आठवण प्रसिद्ध आहे. एका अवघड जागी ती लिहिणाऱ्यांपैकी डेनिस रिची यांनी शेरा मारून ठेवला होता, की हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही. वाचणाऱ्यांना वाटले, काय हा ताठा! पुढे रिचींनीच खुलासा केला, की शेऱ्याचा अर्थ ‘हा भाग परीक्षेला नाही’ एवढाच होता. आणि खरी अडचण तर ही होती, की त्या जागी नेमके काय घडते आहे ते लिहिणाऱ्यांनाही पुरते उमगले नव्हते. बाहेरच्यांना संहिता दाखवण्याचा पहिला लाभ तो हाच. घरच्यांनी ज्याच्याकडे डोळेझाक केली असेल तिथे परक्याची नजर अडखळते.

परंतु कंपनीला लवकरच या मजकुराची बाजारातली किंमत कळली. १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती निघाली तेव्हा परवान्यात नवी अट आली: ही संहिता वर्गात शिकवायची नाही. लायन्सच्या पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती फिरत राहिल्या त्या याच काळात.

ॲमस्टरडॅमच्या व्रीये विद्यापीठात अँड्र्यू टॅनेनबॉम नावाचे प्राध्यापक हाच विषय शिकवीत. आता वर्गात दाखवावे काय? नुसत्या सिद्धान्तावर विद्यार्थी तयार होत नाहीत. तेव्हा या गृहस्थांनी युनिक्ससारखीच वागणारी, पण तिची एकही ओळ न घेतलेली ‘मिनिक्स’ नावाची छोटी आज्ञावली स्वतः लिहिली आणि १९८७ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकातच तिची संहिता छापून टाकली. ते पुस्तक फिनलंडमधील हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याच्या हाती पडले. १९९१ मध्ये त्याने मिनिक्स चालवता चालवताच आपली स्वतंत्र आज्ञावली लिहायला घेतली. तीच लिनक्स. तिची संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. आज अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात या हकीकतीचा एक तुकडा आहे. एका मालकाने शिक्षकाच्या तोंडावर दार लावले आणि शिक्षकाने दुसरे घर बांधले, असा हा मामला झाला.

सरकारे खोलीत येतात

लिनक्सचा बोलबाला होऊ लागला तसा मायक्रोसॉफ्टवर ताण आला. विंडोजची संहिता म्हणजे त्या कंपनीची तिजोरी. मे २००१ मध्ये कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी क्रेग मंडी यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात भाषण करून ‘शेअर्ड सोर्स’ या धोरणाची घोषणा केली. मालकी आमचीच राहील. पण मोठे ग्राहक, विद्यापीठे, भागीदार कंपन्या अशा निवडकांना आम्ही संहिता दाखवू. जानेवारी २००३ मध्ये यातूनच सरकारांसाठी एक स्वतंत्र योजना निघाली. रशिया आणि नाटो संघटना आरंभीच तिच्यात आल्या. फेब्रुवारीत चीनने सही केली.

सरकारांना काय हवे होते ते उघड आहे. आपल्या संरक्षण खात्याचा, तिजोरीचा, पोलिसांचा कारभार परदेशी कंपनीच्या आज्ञावलीवर चालतो. तिच्यात चोरदरवाजा ठेवलेला नाही कशावरून? कंपनी म्हणते, विश्वास ठेवा. राज्यकारभार अशा शब्दावर चालत नाही. तेव्हा कंपनी म्हणाली, या, स्वतः वाचा.

एक वर्षाने या व्यवस्थेची दुसरी बाजू दिसली. फेब्रुवारी २००४ मध्ये विंडोज २००० आणि विंडोज एनटी या दोन्ही आज्ञावलींच्या संहितेचे काही भाग इंटरनेटवर उघडे पडले. त्या फाइलींतल्या खुणा मेनसॉफ्ट नावाच्या, रीतसर परवाना घेतलेल्या एका भागीदार कंपनीकडे बोट दाखवीत होत्या. गुपित चौघांना सांगितले की चौघांच्याही कड्याकुलपांची काळजी करावी लागते. म्हणूनच पुढे कंपनीने संहिता बाहेर पाठवण्यापेक्षा वाचकालाच आपल्या घरी बोलावणे पसंत केले. २०१४ मध्ये रेडमंड येथे, २०१५ मध्ये ब्रुसेल्स येथे आणि त्यानंतर सिंगापूर, बीजिंग व ब्राझीलिया येथे तिने खास केंद्रे उघडली. करार केलेल्या सरकारांच्या तज्ज्ञांनी तिथे यावे, कंपनीच्या संगणकावर संहिता पाहावी, तिथल्याच अवजारांनी तपासावी. बाहेर जाताना मात्र तिची प्रत नेऊ नये.

आता एक आकडा सांगतो. लायन्सच्या पुस्तिकेत ९ हजार ओळी होत्या. चांगला विद्यार्थी एका सत्रात त्या पार करी. विंडोजच्या संहितेत २०१७ साली खुद्द कंपनीच्या हिशेबाने सुमारे ३५ लाख फाइली होत्या. ओळी नव्हेत, फाइली! कोणत्याही सरकारचे दहा हुशार अधिकारी महिनाभर बसले, तरी या समुद्रातून किती ओंजळी पाणी उपसणार? परवानगी मिळणे वेगळे आणि वाचून होणे वेगळे.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. डिसेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की काही घुसखोरांनी तिच्या संहितेचा काही भाग पाहिला; त्यात बदल मात्र त्यांना करता आला नाही. त्याच निवेदनात कंपनी म्हणाली, की आमची सुरक्षितता संहितेच्या गुप्ततेवर अवलंबून नाही. शत्रूला संहिता ठाऊक आहे असे धरूनच आम्ही चालतो. हे तत्त्व नवे नाही. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी सांकेतिक लेखनाविषयी ते १८८३ सालीच मांडले होते: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. (हे केर्कहॉफ्सही भाषेचेच प्राध्यापक होते, हे जाता जाता अभिमानाने सांगितले पाहिजे.) मग गुप्तता सुरक्षिततेसाठी नाही तर कशासाठी? सरळ उत्तर असे, की धंद्यासाठी. त्यात गैर काही नाही. हजारो माणसांनी वर्षानुवर्षे लिहिलेली ती मालमत्ता आहे. पण ‘तुमच्याच सुरक्षिततेसाठी दाखवत नाही’ असे कोणी म्हणू लागला, की त्या विधानाकडे जरा निरखून पाहावे.

वाचले ते आणि चालते ते

समजा, संहिता संपूर्ण वाचून झाली आणि तिच्यात दोष सापडला नाही. झाले का समाधान? युनिक्सचेच एक जनक केन टॉम्प्सन यांनी ट्यूरिंग पारितोषिकाच्या निमित्ताने दिलेल्या आणि १९८४ साली छापून आलेल्या व्याख्यानात याला फार मार्मिक उत्तर दिले. मूळ संहितेचे यंत्रभाषेत भाषांतर करणारी जी आज्ञावली असते, तिलाच कोणी फितवले तर? संहिता स्वच्छ असेल. भाषांतर होताना मात्र त्यात चोरदरवाजा घातला जाईल. मूळ ग्रंथ कितीही पारायणे केला तरी तो दिसणार नाही. असे करून दाखवता येते, हे त्यांनी सप्रमाण सांगितले. भाषांतरकाराने पदरचे वाक्य घुसडलेले आम्हां भाषेच्या लोकांना नवे नाही. पण भाषांतर वाचणारा जर मूळ भाषा जाणत नसेल आणि मूळ वाचणाऱ्यासमोर भाषांतर नसेल, तर लबाडी पकडणार कोण?

ही नुसती तर्कटाची गोष्ट नाही, हे इंग्लंडात दिसून आले. ब्रिटनच्या टेलिफोन जाळ्यात चीनच्या ह्वावे कंपनीची यंत्रे बसू लागली तेव्हा ब्रिटिश सरकारशी ठरवून कंपनीने नोव्हेंबर २०१० मध्ये ऑक्सफर्डशायरमधील बॅनबरी या गावी एक तपासणी केंद्र उघडले. पगार कंपनीचा, पण तपासणारी माणसे ब्रिटिश सरकारने पारखून घेतलेली. त्यांनी ह्वावेची संहिता वाचायची आणि धोका दिसला तर सांगायचे. २०१४ मध्ये त्यांच्यावर एक देखरेख मंडळ बसले आणि पुढे त्याचे वार्षिक अहवाल चक्क प्रसिद्ध होऊ लागले. निवडकांना संहिता दाखवण्याच्या ज्या ज्या व्यवस्था मला वाचायला मिळाल्या, त्यांत ही सर्वांत प्रामाणिक वाटते. कारण इथे वाचकाला तोंड होते.

आणि त्या तोंडाने काय सांगितले? २०१८ च्या अहवालात मंडळाने म्हटले, की आम्ही आता मर्यादितच हमी देऊ शकतो. एक मोठे कारण असे, की केंद्रात वाचली जाणारी संहिता आणि प्रत्यक्ष टेलिफोन जाळ्यात चालणारी आज्ञावली या दोन्ही एकच आहेत, हे सिद्ध करता येत नव्हते. आठ वर्षे झाली होती! २०१९ च्या अहवालात आणखी तपशील आला. ओपनएसएसएल नावाचा, संदेश सुरक्षित ठेवणारा एक सर्वपरिचित भाग एकाच उत्पादनात ७० वेळा संपूर्ण भरलेला आढळला, आणि तोही चार निरनिराळ्या आवृत्त्यांत. त्यांतल्या काही जुनाट. याचा अर्थ कंपनीने मुद्दाम घातपात केला, असा मात्र अहवालाने काढला नाही. हे दोष चिनी सरकारच्या हस्तक्षेपाचे आहेत असे वाटत नाही, कामच गबाळे आहे, असाच त्याचा सूर होता. चोर शोधायला गेलेल्यांना अडगळ सापडली, आणि अडगळीत चोर लपू शकतो एवढे मात्र कळले. पुढे जुलै २०२० मध्ये ब्रिटनने ह्वावेची यंत्रे २०२७ अखेर नव्या ५जी जाळ्यातून काढून टाकण्याचा निर्णय घेतला. त्याला तात्कालिक कारण अमेरिकेने घातलेल्या निर्बंधांचे होते. संहितेच्या वाचनाने तो वाद मिटला नाही.

एकच मजकूर, दोन वाचक

वाचक कोण आणि त्याला सवड किती, यानेही निष्कर्ष पालटतो. टोयोटा मोटारींचा वेग आपोआप वाढतो, अशा तक्रारी अमेरिकेत झाल्या तेव्हा सरकारच्या वतीने नासा या अवकाशसंस्थेच्या तज्ज्ञांनी मोटारीतल्या आज्ञावलीच्या २ लाख ८० हजारांहून अधिक ओळी तपासल्या. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात निष्कर्ष आला, की तक्रारींत सांगितला आहे तसा वेग वाढवू शकेल असा दोष विद्युत्-यंत्रणेत आढळला नाही.

इकडे ओक्लाहोमा राज्यात २००७ साली टोयोटाची एक कॅमरी मोटार अपघातात सापडली होती. चालवणारी बाई जबर जखमी झाली. तिच्या शेजारी बसलेली मैत्रीण मरण पावली. खटला उभा राहिला. न्यायालयीन व्यवस्थेनुसार फिर्यादींच्या तज्ज्ञांना कंपनीची संहिता पाहायला मिळाली, ती कडेकोट बंदोबस्ताच्या एका खोलीत. तिथे या मंडळींनी महिनोन् महिने वाचन केले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये ज्यूरीपुढे साक्ष दिली, की या संहितेत गंभीर दोष आहेत आणि ते असा अपघात घडवू शकतात. कंपनीने ते नाकारले. ज्यूरीने मात्र कंपनीला जबाबदार धरून ३० लाख डॉलरांची भरपाई ठरवली. दंडाची रक्कम ठरण्याआधीच दोन्ही पक्षांत तडजोड झाली.

या दोघांत कोण बरोबर, हा निवाडा माझ्यासारख्याने करू नये. मला एवढेच दिसते, की दुसरा वाचक त्या खोलीत पोहोचला तो एका कुटुंबाने घरचे माणूस गमावल्यावर, आणि न्यायालयाच्या हुकमाने. पहिल्या वाचनाचा दाखला कितीही प्रतिष्ठित असला, तरी दुसऱ्या वाचनाची वाट मोकळी असावी लागते.

आपल्या उंबरठ्यापाशी

या मोठ्या गोष्टी झाल्या. लहान संस्थांनाही संहिता लागते, पण वेगळ्या कारणाने. आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात फी, दाखले आणि हजेरी यांसाठी एका लहानशा कंपनीची आज्ञावली घेतली होती. सहा वर्षे ती बिनतक्रार चालली. मग कंपनीने गाशा गुंडाळला. नव्या वर्षी फीचे दर बदलले. ते आज्ञावलीत बदलायचे तर संहिता हवी, आणि ती कंपनीबरोबरच गेलेली. ऐन प्रवेशाच्या दिवसांत आमचे हेडक्लार्क कार्बन कागद घालून पावत्या फाडीत बसले होते, आणि खिडकीबाहेर मुलांची आणि पालकांची रांग जिन्यापर्यंत गेली होती.

या संकटावर व्यापारी जगात एक सोय आहे. तिला ‘एस्क्रो’ म्हणतात. मालकाने आपल्या संहितेची प्रत उभय पक्षांच्या विश्वासातल्या तिसऱ्याकडे ठेव म्हणून ठेवायची. एरवी ती कोणी उघडायची नाही. कंपनी बुडाली किंवा तिने दुरुस्तीचे काम सोडले, तरच ती ग्राहकाला मिळायची. मालकाचे गुपित सुरक्षित राहते आणि ग्राहकही वाऱ्यावर पडत नाही. फक्त दोन पथ्ये हवीत. ठेवलेली प्रत वेळोवेळी ताजी व्हायला हवी, आणि तिच्यापासून चालणारी आज्ञावली खरोखर तयार होते का, हे कोणीतरी करून पाहायला हवे. नाहीतर ती ठेव म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी. नागरी सहकारी बँका, शाळा, इस्पितळे यांच्या संचालकांनी करारावर सही करण्यापूर्वी या एका कलमाची चौकशी जरूर करावी.

दुसरे उदाहरण फाटकावरच्या कॅमेऱ्याचे. भारत सरकारच्या नव्या नियमांप्रमाणे एप्रिल २०२५ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या निर्मात्यांना आपले यंत्र, आज्ञावली आणि संहिता सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासणीसाठी द्यावी लागते. निर्मात्यांनी कुरकुर केली: प्रयोगशाळा थोड्या, तपासणीला वेळ फार, धंदा खोळंबतो. त्यांचेही म्हणणे अगदी टाकाऊ नाही. पण आपल्या लेकी-सुना केव्हा येतात-जातात, आजोबा फिरायला किती वाजता बाहेर पडतात, हे टिपणारा डोळा कोणाला काय कळवतो, हे आपल्या वतीने कोणीतरी पाहावे, ही अपेक्षाही रास्तच आहे. मात्र बॅनबरीचा धडा इथेही लागू आहे. प्रयोगशाळेत तपासला तो नमुना आणि आपल्या फाटकावर बसला तो कॅमेरा. शिवाय पुढच्या महिन्यात इंटरनेटवरून त्याच्या आज्ञावलीत आपोआप भरली जाणारी सुधारणा. या तिन्हींचे नाते कोण तपासणार?

कोणी म्हणेल, एवढा घोळ कशाला? सगळीच संहिता सर्वांसाठी उघडी करा म्हणजे झाले. माझा ओढा त्या बाजूला आहे, हे लपवीत नाही. पण तोही रामबाण नव्हे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ नावाच्या, सर्वांना मोफत आणि उघड्या असलेल्या आज्ञावलीत चोरदरवाजा सापडला. तो घालणाऱ्याने दोन-एक वर्षे इमानेइतबारे काम करून विश्वास संपादन केला होता. आणि युक्ती पाहा: सर्वांना वाचायला ठेवलेल्या संहितेत एक महत्त्वाचा धागा नव्हताच, तो फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. पुन्हा तेच, वाचायचे एक आणि चालवायचे दुसरे! अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर एक काम अर्ध्या सेकंदाने उशिरा होते असे जाणवले, त्याने पाठपुरावा केला, म्हणून जग वाचले. पण हेही खरे, की संहिता हाताशी होती आणि कोणाची परवानगी मागायची नव्हती, म्हणूनच त्याला मुळाशी जाता आले. सही करून खोलीत बसलेल्या पाहुण्याला ते साधले असते का?

तेव्हा ‘आम्ही निवडक तज्ज्ञांना संहिता दाखवली आहे’ असे कोणी सांगितले, तर मान डोलावण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. वाचक निवडला कोणी: मालकाने, की ज्यांच्या जिवाशी गाठ आहे त्यांनी? त्याने वाचले तेच चालते आहे, हे कोणी ताडून पाहिले? आणि त्याला जे दिसले, ते आपल्याला सांगण्याची त्याला मोकळीक आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल, तर तो दाखला भिंतीवर लावायला चांगला. त्याच्या भरवशावर झोपी जाऊ नये.

दिवाळी आटोपली की बहुतेक सोसायट्यांच्या कमिट्या बसतात. जुने कॅमेरे काढून नवे बसवावेत, असा विषय पत्रिकेवर असतोच. दरपत्रक घेऊन आलेला तरुण किती फूट लांबवर स्वच्छ दिसते, किती दिवसांचे चित्रण साठते, हे सगळे तोंडपाठ म्हणून दाखवील. त्याला शांतपणे विचारावे, “यातली आज्ञावली कोणी लिहिली, कोणी तपासली, आणि पुढची सुधारणा येईल ती कोण तपासेल?” बहुधा तो म्हणेल, “ऑफिसात विचारून सांगतो.” त्याला चहा द्यावा, आणि उत्तर लेखी मागावे.